तेल बदलायचं नाही

जुनी मोटरसायकल घ्यायला निघायचं तर आधी खोटं ऐकून घ्यायची तयारी हवी, असं मिस्त्री म्हणायचा. रंग खोटा, किलोमीटरचा आकडा खोटा, आणि मालकाच्या शपथा तर विचारूच नका. खरं बोलतं ते फक्त इंजिनातलं तेल. तेवीस वर्षं तो पंपांची, जनरेटरांची, जुन्या दुचाक्यांची इंजिनं उघडत आला होता आणि त्याची रीत ठरलेली होती. तेलाची पट्टी बाहेर काढायची, थेंब दोन बोटांत चोळायचा, हुंगायचा आणि शेवटी जिभेच्या टोकाला लावायचा. तेलात पाणी शिरलंय की पेट्रोल उतरलंय, ते जिभेला लगेच कळतं. बायको या सवयीला इतकी विटली होती की त्याचा चहाचा कप तिने वेगळा काढून ठेवला होता. मिस्त्रीला त्याचं काही वाटत नसे. चारचौघांत जीभ बाहेर काढून तो सांगे, "हे माझं मीटर. याला बॅटरी लागत नाही."

त्या शनिवारी दुपारी तो तिसरी गाडी बघायला निघाला होता. बरोबर धाकटा भाऊ होता. हा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणत. म्हणजे रंगवायचा, असंच म्हणायला हवं. गेल्या दीड वर्षात त्याची नजर कडेकडेने विझत आली होती. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग वरचं, मग खालचं. आता मधोमध एक नळीएवढं भोक उरलं होतं, आणि तेही सहा महिन्यांत बुजेल, फार तर आठ, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पेंटर रडला नाही. घरी येऊन त्याने उरलेल्या रंगात भिंतीवर देशाचा नकाशा काढला, या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत एक लाल रेघ ओढली आणि म्हणाला, "दादा, एवढं दाखव. मग झालं तरी चालेल."

साडेतीन हजार किलोमीटर. मिस्त्री चालवणार, पेंटर मागे बसून बघणार. नवी गाडी नको हे मिस्त्रीचं म्हणणं होतं. नव्या गाडीत सगळं कॉम्प्युटरच्या हाती. आडरानात बंद पडली तर तिच्यापुढे हात जोडून बसायचं. जुनी एका सिलिंडरची गाडी एक पाना आणि वीतभर तार असली की घरी येते. इथवर सगळं ठीक होतं, पण तशी गाडी मिळेना, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. पहिलीची चासी वेल्डिंगने सांधलेली निघाली. दुसरीचं तेल जिभेवर ठेवताच मिस्त्री मालकाला म्हणाला, "काका, ही बुडाली होती ना पुरात?" काका निमूट आत गेले. आणि दिवस तर एकेक करून गळत होते.

तिसरीचा पत्ता मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीतला होता. ओळीने बैठी घरं, शेवटचं दार. दार उघडलं ते साठीच्या पुढच्या एका बाईंनी. निवृत्त नर्स. केस घट्ट बांधलेले, मनगटांना क्रेप बँडेज, आणि आवाजात अजून अख्खा वॉर्ड दबून राहील असा धाक.

"चपला बाहेर. आणि हात धुऊन घ्या, कोपरापर्यंत."

"सिस्टर, आम्ही गाडी बघायला आलोय," मिस्त्री हसून म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय."

दोघांनी मुकाट्याने हात धुतले. आतल्या खोलीत शिरल्याबरोबर मिस्त्रीच्या नाकाला फिनेलचा वास झोंबला. त्यावर पावडरचा गोडसर वास होता, आणि या दोन्ही वासांच्या खाली आणखी एक होता. मिस्त्रीने आजवर जळकं ग्रीस हुंगलं होतं, मेलेले उंदीर एअर फिल्टरमधून हाताने काढले होते. पण हा वास तसला नव्हता. खूप दिवस न बदललेल्या चादरीचा वास असतो ना, तो.

खिडकीला जाड पडदा. एक लोखंडी खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. फळीवर औषधांच्या बाटल्या, कापूस, चिकटपट्ट्या. आणि खोलीच्या मधोमध, रबराच्या लालसर चादरीवर, उशांच्या टेकूने एका अंगावर कललेली मोटरसायकल.

गाडी सुंदर होती, हे मान्य करायलाच हवं. साडेतीनशे सीसीची, काळी, टाकीवर सोनेरी रेघ. पेंटरने वाकून ती रेघ बोटाने चाचपली आणि म्हणाला, "हाताने मारलीय. एका दमात. आता असा हात कुणाचा राहिला नाही."

"आमच्या ह्यांची," सिस्टर म्हणाल्या. "लांबचा प्रवास करून आले आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत. अकरा वर्षं केलं त्यांचं. ते गेले त्याच आठवड्यात ही पाझरायला लागली. पडवीत पडून होती, तिथून आत घेतली. उघड्या डोळ्यांनी बघवेना. चार वर्षं झाली. आता माझी मनगटं गेली, कूस बदलायला जमत नाही."

"कूस?" मिस्त्रीने विचारलं.

"एकाच अंगावर राहिली की कातडी फुटते." त्यांनी सीटकडे बोट दाखवलं.

सीट चामड्याची होती आणि तिच्या एका बाजूला तळहाताएवढी गॉजची पट्टी चिकटवली होती. पट्टीचा मध्य पिवळा पडून ओला झाला होता. सिस्टरनी सराईतपणे एक कोपरा उचलला. गॉज सहज सुटेना, चिकटून ताणला गेला आणि मग चर्र करत निघाला. खाली चामडं उसवलेलं नव्हतं. खाली खड्डा होता, गुलाबीसर, कडांना पांढुरका, आणि त्यात काहीतरी चमकत होतं. मिस्त्रीने मान फिरवली. म्हातारपणाने बाईंचं डोकं फिरलंय आणि सीटच्या फोमला बुरशी आलीय, असं त्याने मनाला बजावलं.

त्याने इंजिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. इंजिन कोमट होतं.

"आत्ता चालू केली होती?"

"चार वर्षांत नाही."

इंजिनाभोवतीच्या धातूच्या पंखांवर बारीक थेंब जमले होते. सिस्टरनी खांद्यावरच्या फडक्याने ते टिपले. इंजिनाखाली इस्पितळातला एनॅमलचा वाकडा ट्रे होता आणि त्यात सावकाश, मोजून, एकेक थेंब पडत होता. तो ट्रे त्यांनी उचलला, त्यातलं गॉजमधून गाळलं आणि नरसाळ्याने परत इंजिनात ओतलं. गॉजवर जो साका राहिला तो त्यांनी घडी घालून झाकणाच्या डब्यात टाकला.

"एवढंच करायचं. रोज गाळायचं, तिचं तिलाच घालायचं. तेल बदलायचं नाही."

तेल न बदलता गाडी ठेवणाऱ्या माणसाला मिस्त्री एरवी दारातूनच चार शब्द सुनावून परतला असता. पण आता त्याच्यातला कारागीर डिवचला गेला होता. बघूया तरी काय आहे हे. त्याने तेलाची पट्टी काढली. टोकाला तपकिरी, दाटसर थेंब लोंबत होता. बोटांत चोळला तर चिकट लागला. नाकाशी नेला तर खोलीतला तो तिसरा वास भसकन वर आला. इथे थांबायला हवं होतं. पण तेवीस वर्षांची सवय, डोकं काही म्हणायच्या आत बोट जिभेला लागलं.

खारट. मागून गोडसर. आणि अंगाएवढं गरम. हिरडीतलं गळू फुटल्यावर तोंडात जे येतं, तेच.

त्याचे डोळे पाण्याने भरले. थुंकायचं होतं, पण समोर नुकतीच पुसलेली फरशी, परक्या बाईचं घर, आणि त्या बाईंची आपल्यावर रोखलेली नजर. वॉशबेसिन बाहेरच्या खोलीत. तोंडात लाळ दाटत चालली, त्या लाळेत ते पसरत चाललं. शेवटी भिडेपोटी मिस्त्रीने ते गिळलं.

सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "आजवर आलेल्यांनी नुसतं हुंगलं…"

"ही नको," मिस्त्री कसाबसा बोलला. "चल रे, आपण निघू."

पेंटर कधीच सीटवर जाऊन बसला होता. गॉजच्या पट्टीवरच. समोरच्या भिंतीकडे तोंड करून, ताठ.

"दादा, तुझ्या कानाला ग्रीस लागलंय," तो म्हणाला.

मिस्त्री त्याच्या उजव्या हाताला, बराच मागे उभा होता. तिथलं पेंटरला दिसणं बंद होऊन वर्ष झालं होतं.

"इकडे वळून बघितलंस?"

"नाही रे… मी भिंतीकडेच बघतोय. फळीवरच्या तिसऱ्या बाटलीवर लिहिलंय, हलवून वापरा. छपाई वाईट आहे, शेवटचा काना तुटलाय." त्याने टाकी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "दादा… सगळं दिसतंय. कडेपर्यंत."

मिस्त्रीने त्याच्या कानामागे बोटं धरली. तीन. पेंटर म्हणाला, तीन. पाच. पाच. त्याला खाली उतरवलं तेव्हा तो लगेच खाटेला धडकला. परत बसवला आणि तो हसला, लहानपणी हसायचा तसा, तोंड भरून. मिस्त्रीच्या तोंडात अजून ती चव होती आणि छातीत काहीतरी हललं होतं. दीड वर्ष त्याने या भावाला हाताला धरून रस्ता ओलांडायला शिकवलं होतं. किळस येते म्हणून त्याला आता उतरवायचं?

किंमत जाहिरातीतलीच ठरली. गाडी गल्लीत काढली आणि पहिल्याच किकला सुरू झाली. सिस्टर निरोप द्यायला थांबल्या नाहीत. आत नळ सोडून त्या हात धूत असल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

प्रवास सुरू झाला आणि पहिले चार दिवस पेंटरच्या तोंडाला खळ नव्हता. कोसभर लांबच्या पाट्या तो वाचून दाखवी. "ती बघ, धरणावरची. मधली अक्षरं दाटीवाटीने बसवलीत, शेवटी जागा उरली म्हणून फूल काढलंय. कामचुकार!" पाण्याच्या टाकीवर बसलेले पक्षी तो मोजी. उसाच्या, सूर्यफुलांच्या, मिठाच्या शेतांतून जाताना मागून त्याचं "अरे वा, अरे वा" चालू असे. ते ऐकून मिस्त्रीला भरून येई. मग तोंडात लाळ दाटे आणि गाडी कडेला घेऊन तो थुंके.

कारण चव गेली नव्हती. चूळ भरली, लवंग चघळली, कडू औषध घेतलं, तरी गेली नाही. पाव तोंडात घातला की पावाला ती चव, पाणी प्यायलं की पाण्याला. बायको फोनवर म्हणाली, "तोंडात काही धरून बोलताय का?" आणि संध्याकाळी लॉजच्या अंगणात ती सेवा. गाडीची कूस बदलायची, थेंबांखाली ट्रे ठेवायचा, गाळायचं, ओतायचं, सीटची पट्टी सोडवायची. जुन्या पट्टीबरोबर कधी चामड्याची साल निघून यायची, आणि त्या सालीवर बारीक, मऊ लव असायची. मिस्त्री श्वास रोखून, मान तिरकी करून हे सगळं उरकायचा आणि मग साबणाची वडी संपेपर्यंत हात धुवायचा. भाऊ उतरला की त्याला कोपराला धरून खोलीत न्यावं लागे. उतरल्यावर ते नळीएवढं भोकही उरत नसे.

पाचव्या दिवशी त्याचा धीर सुटला. वाटेत एक गॅरेज लागलं. पेंटर चहा घेत होता तेवढ्यात मिस्त्रीने खालचा बोल्ट काढला आणि सगळं तेल सांडपाण्याच्या चरात सोडून दिलं. शेवटी शेवटी ते गोळ्यागोळ्यांनी आलं. गॅरेजचा कुत्रा धावत आला आणि हुंगून, शेपूट पायात घालून मागे सरला. गॅरेजवाला नाक दाबून म्हणाला, "भाऊ, काय मेलंय यात?" मिस्त्रीने इंजिन दोनदा धुऊन घेतलं आणि सीलबंद डब्यातलं नवं, सोनेरी तेल भरलं. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

सकाळी तेलाची पट्टी काढली तर टोकाला तपकिरी, दाट थेंब लोंबत होता. पातळी आदल्या दिवशीपेक्षा बोटभर वर आली होती.

हे कुठून आलं? रात्रभर गाडी भिंतीला टेकून उभी होती, अंगणाला कुलूप होतं. मिस्त्री तिथेच उकिडवा बसून राहिला. इतक्यात पेंटर खोलीतून बाहेर आला. काठी न घेता, उन्हाचा काळा चष्मा लावून. चार पायऱ्या उतरला, वाटेतली बादली टाळली, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून आला आणि गाडीशी येऊन उभा राहिला.

"तुला दिसतंय?" मिस्त्री ओरडलाच. "खाली उतरूनही दिसतंय?"

"हो," पेंटर म्हणाला. "निघूया ना?"

आनंदाने मिस्त्रीच्या हातातली पट्टी खाली पडली. त्याने भावाला मिठी मारली. पेंटरच्या अंगाला थोडा वास येत होता. प्रवासात होतंच, असं त्याने ठरवून टाकलं आणि वासाकडे कानाडोळा केला. डॉक्टरांना फोन करून सांगायचं वाक्यही त्याने मनात जुळवून ठेवलं.

पण त्या दिवसापासून मागचं "अरे वा" बंद झालं. पेंटर पाट्या वाचेना. विचारलं तर हो, नाही, एवढंच. चहाच्या टपरीवर तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला. मिस्त्री म्हणाला, "थकलास का? एक दिवस मुक्काम करू." तर म्हणाला, "नको. थांबलो की जवळ येतात." कोण, ते त्याने सांगितलं नाही. कुत्री असतील, असं मिस्त्रीला वाटलं.

आठव्या दिवशी घाट लागला. सकाळचे दहा, लख्ख ऊन. रस्ता रिकामा, उजवीकडे डोंगर, डावीकडे खोल दरी आणि तळाशी नदीचं वळण. हेच बघायला तर दोघं निघाले होते. मिस्त्री ओरडून म्हणाला, "बघ, बघ खाली! नदी बघ!"

"बघितली."

आवाज इतका कोरडा होता की मिस्त्रीने आरशात पाहिलं. काळा चष्मा नाकावर घसरला होता आणि त्यावरून दिसणारे पेंटरचे डोळे घट्ट मिटलेले होते. नुसते मिटलेले नव्हते, कपाळाला आठ्या पडेपर्यंत आवळलेले. पापण्यांच्या फटीतून काहीतरी तपकिरी झिरपून गालावर सुकलं होतं.

"डोळे मिटून काय बसलायस?"

"परवापासून मिटलेत, दादा."

"आणि… पायऱ्या उतरलास तो? बादली?"

"मिटले तरी दिसतं."

मिस्त्रीने गाडीचा वेग कमी केला. "मग उघड की बाबा. उघडून नीट बघ."

"उघडले की जास्त दिसतं."

पुढचं वळण जवळ येत होतं. मिस्त्रीने ब्रेक दाबला. ब्रेक मऊ लागला, दाबावा तितका आत जाणारा, आणि वेगात काडीचा फरक पडला नाही. त्याने ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला तरी इंजिन तसंच, शांतपणे, श्वासाच्या लयीत चालत राहिलं. हँडलच्या मुठी ओल्या झाल्या होत्या. त्याच्या घामाने नव्हे. त्याचे हात तर गार पडले होते.

"वळणापलीकडे काय आहे?" त्याने विचारलं. आपण हे का विचारतोय हे त्यालाही कळलं नाही. "काही आहे का रे तिथे?"

पेंटर पुढे सरकला, मिस्त्रीच्या पाठीला चिकटला. लहानपणी सायकलवर डबलसीट जाताना चिकटायचा, तितकाच घट्ट.

"दादा, तू मला खूप दाखवलंस. मी कधी विसरणार नाही. पण आता जरा… मी सांगेपर्यंत…"

आणि मागून त्याचे दोन्ही तळहात आले आणि मिस्त्रीच्या डोळ्यांवर बसले.

"अरे! सोड! मरू आपण!"

"नाही मरत. ती नेते बरोबर. तू नको बघूस. घरी वहिनी आहे, तुला परत जायचंय… तू नको बघूस."

हात कोमट होते, चिकट होते, आणि त्यांना तोच वास होता. मिस्त्रीला ओकारी आली. त्याने मान झटकली, पण हात सुटले नाहीत. त्या चिकट काळोखात त्याला जाणवलं, की हँडल त्याच्या मुठींखाली आपणहून डावीकडे फिरतंय, अगदी बेताने. वळण आलं. वाऱ्याचा आवाज थांबला. दोन्ही बाजूंनी, हाताच्या अंतरावरून, पुष्कळ लोक दाटीने उभे असावेत तशी ऊब अंगाला लागू लागली. कुणी बोलत नव्हतं. कुणीतरी त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं आणि वाकून त्याच्या तोंडापाशी हुंगलं.

मागून पेंटर हलक्या आवाजात, समजुतीच्या सुरात, कुणालातरी म्हणाला, "नाही… हा नाही. ह्याला काही दिसत नाही."